शोकेसमध्ये लावण्याआधी

पत्राचा सारांश: कोल्हापुरातल्या एका वाचकांचं हे पत्र आहे. वय ३४. वडिलांनी सुरू केलेला फोटो स्टुडिओ आता ते चालवतात. लग्न, बारसं, पासपोर्ट फोटो, सगळी कामं करतात. लग्नाला सहा वर्षं झाली, पत्नी शहरातल्याच एका शाळेत शिक्षिका आहे. गेली दोन वर्षं, शनिवारची सकाळची शाळा सुटून पत्नी घरी आली की दुपारी ते तिचे विवस्त्र फोटो काढतात. कृष्णधवल, खिडकीच्या उजेडात. त्यातल्या एकाबद्दल ते लिहितात, "ती न्हायला निघाली होती. पाठमोरी. केस सोडून पुढे घेतलेले, आणि कमरेवर परकराच्या नाडीचा वळ. स्क्रीनवर तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझा श्वास अडकला." मुंबईतल्या एका सामूहिक प्रदर्शनासाठी त्यांच्याकडे आठ फोटो मागितलेत, मुदत पंधरा दिवसांची. पत्नी आधी "बघू" म्हणाली, मग "तुम्ही म्हणाल तसं", आणि आता विषय निघाला की उठून आत जाते. "बाबा तर जुन्या वळणाचे. स्टुडिओच्या शोकेसमध्ये एखाद्या मुलीचा फोटो लावायचा तरी आधी तिच्या घरी जाऊन विचारून यायचे. त्यांना हे काय समजणार?" त्यांचा प्रश्न: ही शुद्ध कला आहे, यात वासना नाही, हे घरच्यांना कसं पटवू? आणि हे कायद्यात बसतं का? पत्रासोबत त्यांनी तीन फोटो जोडले होते.

नमस्कार,

आधी त्या तीन फोटोंबद्दल. मी ते उघडले नाहीत. तुमचा मजकूर वहीत उतरवून घेतला आणि मेल कायमची काढून टाकली. रागाने नव्हे. पत्र दोनदा वाचलं, पण 'तिला विचारून पाठवतोय' असं वाक्य कुठे सापडलं नाही. तुम्ही विश्वासाने पाठवलेत हे मला कळतं. सल्ला मागायचा तर काम दाखवायला हवं, असं कुठल्याही कलाकाराला वाटतं. पण तुमच्या सगळ्या प्रश्नांची गाठ मला तिथेच दिसते, म्हणून सुरुवात तिथून केली.

आता तुमच्या कामाबद्दल. फोटो पाहिला नाही, तरी तुमचं ते नाडीच्या वळाचं वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तो वळ प्रत्येक साडी नेसणारीच्या ओळखीचा. सकाळी सातला घट्ट बांधलेली नाडी दुपारी सुटली की कमरेभोवती लालसर, पीळ उमटलेली रेघ राहते. थोडी खाजते. अर्ध्यापाऊण तासात विरून जाते. शाळेत उभं राहून शिकवल्याचा सगळा दिवस त्या रेघेत असतो. ती रेघ ज्याला दिसली, आणि ती पुसली जायच्या आत कॅमेरा हातात घ्यावासा वाटला, त्या माणसाला फोटो कळतो. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

पण मग 'यात वासना नाही' हे तुम्ही पत्रात तीनदा का लिहिलंत? श्वास तुमचाच अडकला होता ना? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यात पहिलाच शृंगार, आणि त्याचा स्थायीभाव रती. आपण लावणीवर वाढलेली माणसं. ज्या चित्रात ओढ आहे ते चित्र त्या ओढीमुळे हलकं ठरतं, हे आपण कधीपासून मानायला लागलो? कामभावना काढून टाकली की कला शुद्ध होते, हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. त्या फोटोतून ओढ काढली तर उरेल काय? पाठ, उजेड आणि सावली. ते तुम्ही घडवंचीवर ठेवलेल्या तांब्याचंही काढू शकाल.

आणि यात दुसरी एक गोष्ट आहे, जी तुमच्या नजरेतून सुटली असावी. तुमच्या पत्नी कलेसाठी उभ्या राहिल्या होत्या, असं पत्रात कुठेच नाही. त्या तुमच्यासमोर उभ्या राहिल्या. शनिवारची दुपार, दार लावलेलं, समोर नवरा. त्यांनी जे दिलं ते तुम्हाला दिलं. आता तुम्ही त्यांना सांगताय की त्यात तसलं काही नव्हतंच, ती कला होती, आणि म्हणून मुंबईत भिंतीवर लावायला हरकत नाही. त्या उठून आत जातात यात मला नवल वाटत नाही.

अशा वेळी आपल्याकडे एक उत्तर तयार असतं: आपल्या देवळांवर नाही का? तुम्हीही खिद्रापूरचं नाव घेतलंय. कोपेश्वराच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी मी लहानपणापासून पाहत आलेय, आणि अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या अंगाला फिरताना आजही थांबते. शरीर सुंदर आहे हे आपल्या कारागिरांना आठशे-नऊशे वर्षांपूर्वी माहीत होतं, एवढं त्यातून नक्की सिद्ध होतं. पण दगडातल्या त्या बाईला सोमवारी शाळेत हजेरी घ्यायला जायचं नसतं. शिल्पकार दहा बायका पाहून अकरावी घडवू शकतो. चित्रकारही चेहरा बदलू शकतो. फोटोला मात्र एक खरी बाई त्या क्षणी, त्या खोलीत, भिंगासमोर असावीच लागते, आणि ती कोण हे फोटो विसरू देत नाही. फोटोची ताकद तीच आणि धोकाही तोच. म्हणून देवळाचा दाखला फोटोला पुरत नाही.

मी चित्रकला कोल्हापुरातच शिकले. आमच्या वर्गाला मॉडेल म्हणून एक वयस्क पैलवान बसायचे, लंगोट लावून, सतरंजी टाकलेल्या लाकडी चौथऱ्यावर. या गावाला पुरुषाच्या उघड्या शरीराचं कधी वावडं नव्हतं. खासबागेच्या कुस्ती मैदानात अख्खं गाव ते बघायला बसतं. मधल्या सुट्टीत ते टॉवेल गुंडाळून एकेका इझलपाशी जायचे. एकदा माझ्या कागदासमोर थांबले आणि म्हणाले, "पोरी, माझा कान कुठं हाय?" कुस्तीत मोडून गोळा झालेला त्यांचा कान मला काढता येईना, म्हणून मी तिथे सावली टाकून मोकळी झाले होते. त्यांना तोच कान हवा होता. तीस वर्षांच्या मेहनतीची ती खूण होती. मी अर्धा दिवस त्यांच्याकडे बघत बसले होते आणि मला तो कान अडचण वाटला होता.

असंच काहीसं एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराच्या १९३६ सालच्या एका प्रसिद्ध विवस्त्र फोटोबाबत घडलं. कॅरिस विल्सन दारात उन्हात बसलीय, गुडघे जवळ घेतलेले, मान खाली, चेहरा दिसतच नाही. पुढे तिनेच सांगितलं की वेस्टनना त्यातली उजव्या दंडावरची सावली कायम खटकायची, आणि तिला स्वतःला खटकायचा तो वाकडा भांग आणि केसातल्या पिना. एकच फोटो. काढणाऱ्याला सावली दिसते, जिचा आहे तिला भांग. तुमच्या पत्नीला त्या आठ फोटोंत काय दिसतं, हे तुम्ही कधी विचारलंत का? 'चांगला आलाय ना?' असं नव्हे. 'तुला यात काय दिसतं?' असं.

अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ आणि पुढे त्यांची पत्नी झालेली जॉर्जिया ओकीफ यांचं उदाहरण तर तुमच्या फारच जवळचं. वीस वर्षांत स्टिगलिट्झनी तिचे तीनशेहून जास्त फोटो काढले. चेहरा, हात, विवस्त्र शरीर. १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये त्यातले बरेच प्रदर्शनात लागले आणि गावभर चर्चा झाली. छायाचित्रणाच्या इतिहासात ते काम फार मोठं आहे, मी त्याची भक्त आहे. पण ओकीफ स्वतः चित्रकार होती. त्यानंतर समीक्षक तिच्या फुलांत, रेषांत, रंगांत सगळीकडे तिचं शरीर शोधायला लागले, आणि तो अर्थ झटकण्यात तिची पुढची कित्येक वर्षं गेली. स्टिगलिट्झना कलावंत म्हणून मान मिळाला. त्याची किंमत तिच्या कामाने भरली. तुमच्या घरातही प्रदर्शनानंतर 'छायाचित्रकार' तुम्ही व्हाल, आणि त्या 'त्या फोटोतल्या बाई' होतील. भिंतीवरच्या फोटोचा कुणीतरी मोबाइलवर फोटो घेईल. मुंबई ते कोल्हापूर गाडीला रात्र लागते, व्हॉट्सअॅपला नाही. पालकसभेत त्यांना एकटीने उभं राहावं लागेल. तिथे कलेवरचं तुमचं स्पष्टीकरण ऐकायला कुणी बसलेलं नसेल.

म्हणून दाखवूच नये असं मी म्हणत नाही. त्या स्वतः हे सगळं समजून 'लावा' म्हणाल्या, तर मी स्वखर्चाने मुंबईला येऊन ते फोटो पाहीन. पण 'तुम्ही म्हणाल तसं' हा होकार नव्हे. आपल्या घरांत बायका हे वाक्य कधी वापरतात ते तुम्हाला माहीत आहे: नाही म्हटलं तर वाद होईल, हो म्हणवत नाही, तेव्हा.

आता तुमच्या वडिलांकडे वळते, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य त्यांच्याबद्दलचं आहे, आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. शोकेसमध्ये फोटो लावायच्या आधी ते मुलीच्या घरी जाऊन विचारायचे. साडी नेसून, हार घालून, खुर्चीवर बसून काढलेल्या फोटोसाठीही. लाल दिव्याखाली प्लेट धुणारी, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने रिटच करणारी ती पिढी. अख्ख्या पेठेचे चेहरे त्यांच्या कपाटात कागदी पाकिटांत असायचे. त्या विश्वासावर स्टुडिओ चालायचा. फोटो काढू देणं वेगळं आणि लावू देणं वेगळं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. त्यांना तुमचे फोटो समजणार नाहीत, कदाचित. पण तुम्ही ज्या पेचात आहात तो त्यांना तुमच्याआधी समजला होता.

गंमत अशी की कायदाही आज तेच म्हणतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बाईच्या खासगी क्षणांच्या चित्रणाबद्दल आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय: तिने फोटो काढायला संमती दिली असेल पण तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, आणि तरी तो दाखवला, तर तो गुन्हा. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचे फोटो काढण्या-पसरवण्याबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आहेच. नवरा-बायकोच्या नात्याची सूट या कलमांत दिलेली नाही. मला पाठवलेले ते तीन फोटो आता पुन्हा आठवा.

अश्लीलतेचा प्रश्न त्यामानाने तुम्ही भीत होतात तेवढा वाईट नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या कलम २९२ च्या जागी न्याय संहितेचं २९४ आलं. कलेच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला त्यात अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार खटल्यात इंग्रजांच्या काळातली जुनी कसोटी बाजूला ठेवली आणि सांगितलं की नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. चित्र पूर्ण संदर्भात आणि आजच्या समाजाच्या दृष्टीने पाहावं. मुंबईत चित्रकार अकबर पदमसींवर १९५४ साली 'लव्हर्स' या चित्रावरून खटला झाला होता, ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी, २०२४ साली, कस्टम्सने अडवलेल्या पदमसी आणि चित्रकार एफ. एन. सूझा यांच्या कलाकृती मुंबई उच्च न्यायालयाने सोडवल्या. आणि आपल्या मराठीत र. धों. कर्वे होतेच. १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचित्रं छापली, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. तरी एक सावधगिरी घ्या: दालनात भिंतीवर लावणं आणि इंटरनेटवर टाकणं कायद्याच्या नजरेत सारखं नाही. ऑनलाइनला माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७अ ही कलमं लागतात, ती जास्त कडक आहेत. आयोजकांचा कॅटलॉग ऑनलाइन जाणार आहे का, हे आधी विचारा, आणि एखाद्या वकिलाशी तासभर बोला.

मग करायचं काय? आज आयोजकांना कळवा की पंधरा दिवसांत जमणार नाही, या वेळी माझं नाव नसलं तरी चालेल. हे सगळ्यात जड जाईल, मला माहीत आहे. पण मुदत डोक्यावर असताना विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' म्हणणं फार अवघड असतं, आणि तुम्हाला खरा होकार हवा असेल तर आधी 'नाही' सोपं करून ठेवावं लागेल. ती मुदत तुमच्या करिअरची आहे. ती पत्नीवर टाकू नका.

मग दोन वर्षांतले सगळे फोटो, चांगले-वाईट न निवडता, पोस्टकार्डच्या आकारात घरच्या प्रिंटरवर काढा. लॅबला देऊ नका. एखाद्या शनिवारी ते पत्नीच्या हातात द्या आणि तुम्ही घराबाहेर पडा. रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून या. तेवढ्या वेळात त्यांनी एकटीने तीन गठ्ठे करायचे: दाखवले तरी चालतील ते, फक्त आपल्या दोघांचे ते, आणि नसलेलेच बरे ते. तुम्ही शेजारी बसलात तर गठ्ठे तुमच्या चेहऱ्याकडे बघून होतील. तिसऱ्या गठ्ठ्यातले फोटो मूळ फाइलसकट त्यांच्यासमोर पुसा, कारण विचारू नका. आणि तो नाडीच्या वळाचा फोटो तिसऱ्या गठ्ठ्यात असला तर? तर तोही. मला हे लिहितानाही वाईट वाटतंय.

पहिल्या गठ्ठ्यात काही उरलं तर ते कागदावर आणा. कुठले फोटो, कुठे, किती दिवस, फक्त प्रिंट की आणखी काही, विकला तर पैसे कसे वाटायचे, आणि प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवसापर्यंत त्या कुठलाही फोटो मागे घेऊ शकतात, हे. नवरा-बायकोत कसला करार, असं वाटेल. पण कॉपीराइट कायद्याने फोटोचा पहिला मालक सहसा काढणारा असतो, म्हणजे तुम्ही. त्यांच्या बाजूने काही असावं असं वाटत असेल तर ते लिहूनच ठेवावं लागेल. नाव द्यायचं की नाही, हेही त्यांनी ठरवायचं. कुणाला फोटोखाली आपलं नाव हवं असतं, कुणाला कॅरिससारखी खाली घातलेली मान.

तोवर फाइली नीट ठेवा. तुमचा स्टुडिओचा कॉम्प्युटर मदतनीस मुलंही वापरतात, हे तुमच्याच पत्रातून कळलं. या फाइली तिथून आजच हलवा. वेगळी हार्ड डिस्क, पासवर्ड घातलेली, घरच्या कपाटात. मोबाइलवर एकही फोटो ठेवू नका. फोन बऱ्याचदा आपणहून सगळं क्लाउडवर चढवतो. कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं तरी त्यातलं परत काढता येतं, तुमच्या धंद्यात हे रोज चालतं. तेव्हा ते कार्ड लग्नाच्या कामाला पुन्हा वापरू नका.

आणखी एक, हे मला मनापासून वाटतं. कॅमेरा त्यांच्या हातात द्या. इमोजेन कनिंगहॅम या अमेरिकन छायाचित्रकार बाईने १९१५ साली आपल्या नवऱ्याचे, रॉय पार्ट्रिजचे, माउंट रेनियरवर विवस्त्र फोटो काढले होते. सिएटलमध्ये गदारोळ झाला आणि तिने ते फोटो कित्येक दशकं बाजूला ठेवले. पण तिच्या नजरेला तो माणूस कसा दिसला, हे आज आपल्याला कळतं. दोन वर्षांत तुम्ही किती वेळा भिंगासमोर, अंगावर काही न घालता, उजेड बरोबर पडेपर्यंत पोट आत न ओढता उभे राहिलात? एकदा राहून बघा. थंडी वाजते. हात कुठे ठेवावेत कळत नाही. 'हलू नको' हे दोन शब्द किती लांब असतात ते तेव्हा कळतं.

याच विषयावर अधूनमधून दुसऱ्या बाजूनेही पत्रं येतात. लग्नाच्या आधी किंवा पन्नाशीला, एखाद्या ताईंना स्वतःचे असे फोटो काढून घ्यावेसे वाटतात आणि त्यात काही चुकतंय का अशी धास्ती असते. चुकत काही नाही. तुमच्या शरीराकडे एकदा नीट बघावं असं तुम्हाला वाटलं, ही सुंदर गोष्ट आहे. शक्यतो बाई छायाचित्रकार पाहा, सोबत मैत्रीण न्या, फाइली कुणाकडे राहणार हे पैसे द्यायच्या आधी लिहून घ्या. आणि कुणी तुमचे असे फोटो पसरवायची धमकी दिली तर पैसे देऊ नका, काही पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. लाज त्याची आहे. छायाचित्रकारांसाठी एवढंच की समोरची व्यक्ती अठराच्या आतली असेल तर हा विषयच नाही, आणि आपल्या स्टुडिओत लग्नाचे फोटो काढायला आलेल्या मुलीला आपण होऊन असं विचारायला जाऊ नये.

तुम्ही विचारलंत, घरच्यांना कसं पटवू. वडिलांना आत्ताच काही सांगायची गरज नाही. पत्नीला मात्र एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि तिच्याआधी बाकी काहीच होऊ शकणार नाही. तुम्ही तिचे तीन फोटो एका अनोळखी बाईला पाठवले होते, तिने ते न बघता काढून टाकले, एवढं आज रात्री सांगा. जेवणं व्हायच्या आधी. आणि मग त्या जे बोलतील ते ऐकून घ्या, मध्ये कला आणू नका.